'तीन महिन्यांत डिझायनर' या जाहिरातीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय 'तीन महिन्यांत डिझायनर' जाहिरात,
मुक्काम : हरेक मोबाइल



ऑनलाइन कोर्सची निवड रेंजपासून सुरू होते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत रेंज हवी तेव्हा मिळतेच असे नाही. त्यामुळे 'थेट वर्गा'पेक्षा उतरवून ठेवता येणारा धडा उपयोगी पडतो. लॅपटॉप लागेल, ही गोष्ट मात्र माननीयांनी फुलीच्या खुणेमागे, बारीक अक्षरांत मोठ्या विनयाने सांगितलेली असते.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये जिंप, इंकस्केप यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, काही मराठीतही. धडा थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, मग पुढे जायचे. शुल्क नाही. अर्थात सवलतही नाही, आणि 'आज रात्री बारापर्यंत' हा थरारही नाही.

प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर शिकणे फुकट. प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. माननीयांकडे व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की प्रमाणपत्र येते. पाहणारा जागा असावा अशी अट नाही.

खरी अडचण अभ्यासक्रमाची. बोहाडा उत्सवाचे मुखवटे घडवणाऱ्या, भिंतीवर वारली रेघ ओढणाऱ्या घरातल्या मुलाला पहिले चार आठवडे 'रेषा म्हणजे काय' शिकवले जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रेषेसाठी. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. या मुलाला हवे असते ते पुढचे : हातचे चित्र व्हेक्टरमध्ये कसे न्यायचे, छपाईसाठी रंग कसे वेगळे करायचे, दर किती लावायचा, चित्राचे हक्क विकायचे की फक्त वापराची परवानगी द्यायची. हे अभ्यासक्रमात नसेल तर कोर्स त्याच्या कामाचा नाही. उलट '500 वारली डिझाइन मोफत' ही भेट असते. ती काढली कोणी, याचा उल्लेख जागेअभावी राहिला असावा.

विद्यार्थ्याने केलेले काम कोणी माणूस तपासून दुरुस्त करतो का, हे पैसे भरण्याआधी विचारणे इष्ट. परताव्याच्या अटीही तेव्हाच वाचाव्यात. 'शून्य टक्के हप्ता' बहुधा कर्जच असते, आणि कोर्स अर्ध्यात सोडला तरी ते सुटत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा, ही विनंती.