६४ जीबीचा आहेर

नातेवाइकांत मी ‘कंप्युटरवाला’. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं म्हणून ही पदवी मिळाली. हिंगणघाटच्या एका लग्नाने ती काढून घेतली.

मेहुण्याच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ ६ जीबीचा. माझा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, कोरा करकरीत. तरी विंडोज म्हणे, फाइल फार मोठी आहे. “पेनड्राइव्ह डुप्लिकेट निघाला,” असा निकाल मी चारचौघांत देऊन टाकला. पेनड्राइव्ह अस्सल होता, त्यावर फॅट३२ होतं. हिंगणघाटी हिशेबाने सांगायचं तर पेनड्राइव्ह म्हणजे कापसाचं गोदाम आणि फाइल सिस्टिम म्हणजे मुनिमाची वही. १९९६ सालच्या या मुनिमाच्या वहीत वजनाचा रकाना ३२ बिटांचा. ४ जीबीच्या वरचा आकडा त्यात मावत नाही. गोदाम रिकामं असलं तरी गाठ बाहेरच.

मग एनटीएफएस केलं. हा १९९३ पासूनचा विंडोजचा घरचा मुनीम. व्हिडिओ बसला, पण भाच्याला आपल्या मॅकबुकमधले फोटो त्यात टाकायचे होते. “मामा, हे नुसतं वाचू देते ना जी, लिहू नाही देत!”

आता मात्र मी पेटलो. लिनक्सचा लॅपटॉप काढला, पेनड्राइव्ह ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट केला, फोटो-व्हिडिओ सगळं भरलं आणि आहेर द्यावा तसा मेहुण्याच्या हाती ठेवून वर्ध्याला परतलो. गोरसपाकाचा तुकडा तोंडात टाकतो न टाकतो तोच फोन.

“भाऊजी, फॉरमॅट करू का म्हणून विचारून राह्यलं हे.”

विंडोजला ईएक्सटी४ची वही मुळात वाचताच येत नाही, आणि न वाचता येणारी वही दिसली की ते ती कोरी करायची परवानगी मागतं. हे समजावायला मी घसा साफ केला, तर पलीकडून आवाज आला, “मी हो म्हणून देल्लं.”

मूळ व्हिडिओ फोटोग्राफरकडे होता, म्हणून सोयरीक टिकली.

तात्पर्य, तिन्ही घरी फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट करा. २००६ सालच्या या पद्धतीत ४ जीबीची अडचण नाही. विंडोज, मॅक आणि आजचं लिनक्स तिन्ही ती वाचतात, लिहितात. मात्र तिला जर्नल, म्हणजे लिहिण्याआधीची कच्ची नोंदवही, नसतं, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपसू नका. कोणी फॉरमॅट करू का विचारलं, तर आधी ‘नाही’ म्हणा. आणि दुसरी प्रत ठेवल्याशिवाय कुठल्याही कंप्युटरवाल्या भाऊजींकडे पेनड्राइव्ह देऊ नका.