मा. छतदिवा साहेब यांस, उजेड पाडण्याबाबत विनंती अर्ज

प्रति,
मा. छतदिवा साहेब,
मु. पो. छत, पुढच्या दोन सीटांच्या मधोमध.

विषय : दार उघडूनही उजेड न पाडल्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराने दार आपटणे, तीन वेळा. २) अर्जदाराने दार आपटणे, चौथ्या वेळी जोरात.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये भातसानगरचा एक गाडीमालक, यापुढे ‘अर्जदार’, आपणांस सविनय कळवतो की गेल्या पावसाळ्यापासून आपण जागेवर हजर होतात, पण कामावर नव्हता. अर्जदाराचं गावच धरणाच्या वसाहतीचं. त्यामुळे ही भाषा त्याच्या अंगवळणी पडली आहे. राग आला तरी तो आधी ‘मा.’ लावूनच येतो.

प्रसंग मुरबाडकडच्या हळदीचा. रात्री साडेअकराला सरळगाव-किन्हवली रस्त्याने परतताना मागच्या सीटवर अर्जदाराच्या काकूंच्या कानातली कुडी निसटली. गाडी कडेला घेतली, चारही दारं उघडली, आणि आपण ढिम्म. पाच माणसं, तीन मोबाईल, त्यातल्या एकाची चार्जिंग चार टक्के. कुडी अखेर काकूंच्याच पदराच्या घडीत सापडली, पण तोवर त्यांचं बोलून झालं होतं : “गाडी घेतली गाडी घेतली म्हणून पेढे वाटलेस ना रे, आत एक दिवा नाही? काय उजेड पाडलास मग!” हे वाक्य वास्तविक आपल्या नावे होतं. अर्जदाराने ते आपल्या वतीने ऐकून घेतलं, याची नोंद असावी.

आपली योग्यता काढण्याचा हेतू नाही, पण आपण म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची नळी, दोन टोकांना पत्र्याच्या टोप्या, ताकद १० वॅट. भातसा धरणाच्या पायथ्याचं वीजगृह १५ मेगावॅटचं. म्हणजे आपल्यासारख्या १५ लाखांना एकदम पोसेल. त्याच्या उशाशी राहणाऱ्या माणसाला गाडीत चाचपडावं लागतं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस धरणावर तांत्रिक बिघाड झाला तेव्हा मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली आणि बातम्याही झाल्या. आपल्या बिघाडाची दखल फक्त काकूंनी घेतली.

अर्जदाराने आपली चौकशी रीतसर केली. पहिला संशय बटणावर. आपल्या पोटाशी एक सरकतं बटण असतं : चालू, दार, बंद. गाडी पुसताना फडक्याने ते ‘बंद’कडे सरकणं हा या दुखण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार, आणि त्यासाठी गॅरेज गाठून दोनशे रुपये देऊन आलेली माणसं शहापुरात आहेत. अर्जदार त्यांच्यातला नव्हे. (एकदाच होता.)

बटण जागेवर होतं. मग खरी विभागणी सुरू होते. साध्या गाड्यांत आपल्याकडे बॅटरीचा करंट फ्यूजमधून चोवीस तास आलेला असतो, किल्ली काढली तरी. अडतं ते परतीच्या वाटेवर. दाराच्या चौकटीतलं रबरी टोपीचं बटण दार लावलं की आत दबतं. उघडलं की बाहेर येतं आणि आपल्या वायरीला गाडीच्या पत्र्याचा अर्थ देतं. अर्थ मिळाला की आपण पेटायचं, इतकंच काम. नव्या गाड्यांत हाच हिशेब दाराच्या कुलपातला स्विच आणि एक छोटा संगणक ठेवतात, पण अर्जदाराची गाडी त्या पिढीची नाही. तेव्हा आपण ‘चालू’वर पेटत असाल आणि दार उघडल्यावर नाही, तर बल्ब, फ्यूज, करंट सगळे निर्दोष, चोर दाराच्या बटणात. एकाच दाराला रुसत असाल तर त्या एकाच दाराच्या. दार लावूनही विझत नसाल तर कुठलं तरी बटण गंजून बाहेरच अडकलंय, किंवा त्याची वायर सोलून पत्र्याला टेकलीय. आणि दोन्हीकडे पेटत नसाल तर मात्र मुळापासून पाहायचं.

आपण दोन्हीकडे पेटत नव्हता.

बल्ब बदलला : काही नाही. फ्यूज पाहिला : शाबूत. पाहायचीही गरज नव्हती खरं तर, कारण त्याच फ्यूजवर रेडिओची आठवण चालते, आणि रेडिओला अर्जदाराची सगळी स्टेशनं पाठ होती. इथे अर्जदार एका गॅरेजात गेला. तिथे बॉनेट उघडून, बंद करून, पुन्हा उघडून निदान झालं की बॅटरी उतरली आहे. एकाच सेल्फमध्ये सुरू होणाऱ्या, हेडलाईट लख्ख असलेल्या गाडीची बॅटरी आपल्या एका दिव्यापुरती कशी उतरते, हा प्रश्न अर्जदाराला सुचला, पण नवीन बॅटरीचे पैसे मोजून झाल्यावर. नव्या बॅटरीवर आपण तितक्याच निष्ठेने बंद राहिलात.

पुढचा मुक्काम हायवेलगतचे एक वायरिंगवाले मामा. हत्यारं दोन : एक डिजिटल मीटर, आणि इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. आधी त्यांनी आपल्याला खोबणीतून काढलं आणि मीटर लावला. १२.४ व्होल्ट. अर्जदार खूश झाला. मामा म्हणाले, “शेठ, आकडा बघून नाचू नका. आता ह्याला कामाला लावतो.” त्याच जागी टेस्ट लॅम्प लावला, तर त्याने डोळाही उघडला नाही. पुन्हा मीटर : १२.४. पुन्हा लॅम्प : अंधार. मग लॅम्प तसाच लावून ठेवून शेजारी मीटर टेकवला, तर आकडा धपकन शून्याच्या शेजारी.

यात जादू नाही. मीटरचा स्वतःचा अडथळा १ कोटी ओहमच्या घरात असतो. तो करंट जवळजवळ ओढतच नाही, नुसता वास घेतो. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या सांध्याचा अडथळा समजा १०० ओहम. मीटरपुढे ती दर्यात खसखस, त्यामुळे तो पुरे १२.४ दाखवतो. आपला तंतू मात्र थंड असताना जेमतेम दीड ओहमचा, पेटल्यावर १४ च्या आसपास जाणारा. पेटायला आपल्याला पाऊण-एक अँपिअर लागतो. तो त्या सांध्यातून यायला निघाला की व्होल्ट सांध्यातच खर्ची पडतात आणि आपल्या हाती ०.२ सुद्धा पोचत नाहीत. मीटर दाखवतो तो साठा. दिव्याला लागतो तो पुरवठा.

हे शहापूर तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भातसेचा उपयुक्त साठा मुंबई महापालिकेच्या तक्त्यात ७,१७,०३७ दशलक्ष लिटर लिहिलेला असतो, सातही तलावांच्या बेरजेच्या निम्म्याच्या आसपास. पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत उतरतं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळाला जातं. आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे इथलं छापील वाक्य झालंय. मामांनी मीटरकडे बोट दाखवून तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत : “तहसीलसारखं आहे. कागदावर बारा पूर्णांक चार.”

सांधा सापडला पुढच्या काचेच्या खांबाखाली, पायाशी, प्लास्टिकच्या पट्टीमागे. काचेचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. जून ते सप्टेंबर तिथून थेंब थेंब पाणी वायरीच्या अंगाने उतरत होतं आणि बरोबर जोडणीच्या डबीत साचत होतं. डबी उघडली तेव्हा पिनांवर हिरवी, पिठूळ बुरशी. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तशी पिन कळकली होती. मामांनी काचकागदाची बारीक पट्टी घडी करून आत फिरवली, पिन चिमट्याने जरा आवळली, थोडं ग्रीस लावलं. आपण पेटलात. घेतले दीडशे रुपये, आणि रबर बसवून घ्या असं दोनदा बजावलं. बॅटरीचं बिल अर्जदाराने मामांना दाखवलं नाही.

अर्जदार इतका उखडला का, असं आपण म्हणाल. आपल्या जातीच्या बदनामीला मोठा इतिहास आहे. ब्रिटिश मोटारींना दिवे आणि वायरिंग पुरवणाऱ्या जोसेफ लुकास कंपनीला तिकडचे मोटारवाले ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत आणि तिच्या स्विचला तीन जागा असतात असं सांगत : मंद, लुकलुक आणि बंद. आपल्याकडच्या काळ्यापिवळ्या जीपवाल्यांनी उलटं टोक गाठलं. गणपतीभोवती निळी पट्टी, आरशाला लाल, सीटखाली जांभळी, आणि या सगळ्यांची वायर मुरगळून जोडलेली कुठे, तर आपल्याच दोऱ्याएवढ्या वायरीला. मग फ्यूज उडतो. मग १० अँपिअरच्या लालच्या जागी ३० चा हिरवा बसतो, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. हिरवा लावला की आधी वायर जळते आणि फ्यूज शाबूत राहतो. तिथल्या छतदिव्यांचे हाल पाहता आपण सुखात आहात.

आता दुसरी तक्रार. ती आपल्याविरुद्ध नाही, आपल्या डिकीतल्या धाकट्या बंधूंविरुद्ध आहे. आपण सुधारलात त्याच्या पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी रात्री आठला उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी आठला सुरू करायला घेतली, तर सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प. नवीकोरी बॅटरी! शेजारच्या पोरांनी धक्का मारला. मामांनी या वेळी बॅटरीच्या ऋण टोकाशी मीटर मालिकेत जोडला, सगळी दारं लावली आणि अर्धा तास चहा प्यायला नेलं, कारण दारं लावल्यावर गाडीची काही यंत्रं लगेच झोपत नाहीत. झोपलेल्या गाडीने २० ते ५० मिलिअँपिअर खावेत. ही खात होती ०.४५ अँपिअर. एकेक फ्यूज उपसत गेले. डिकीच्या दिव्याचा उपसताच आकडा ०.०३ वर आला. म्हणजे बंधुराज, ५ वॅटचे, बंद झाकणाखाली कुणाला न दिसता साठ तास जळत होते आणि ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले पंचवीस फस्त करून बसले होते. आपण गरज असताना विझलेले, ते गरज नसताना पेटलेले. घराणं एकच.

त्यांचा दोष अजून पक्का ठरलेला नाही. कुलपातला स्विच अडकला असेल, किंवा बिजागरीपाशी जी रबरी सोंड असते तिच्यातल्या वायरी तुटत आल्या असतील. झाकण हजारदा उघडतं-मिटतं, वायर तिथेच वाकते. वरचं प्लास्टिक अखंड दिसतं आणि आतलं तांबं एकेक तारेने तुटतं. त्याच सोंडेतून नंबरप्लेटचा दिवा, वायपर आणि बटणावर उघडणाऱ्या डिकीच्या कुलपाची वायर जाते. उंदरांनाही ती जागा आवडते. अर्जदाराने इंजिनात तंबाखूची पानं टांगली आहेत, पण मागच्या बाजूला तंबाखूची तरतूद केलेली नाही.

मामांनी घरी करायची एक चाचणी सांगितली आहे : मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून डिकीत ठेवायचा, झाकण लावायचं, मिनिटभराने काढून पाहायचं, दिवा विझतो की नाही. ती आजच करण्याचं योजिलं आहे. तोवर आपण दार उघडताच पेटावं आणि लावताच विझावं, एवढीच विनंती. प्रत माहितीस्तव काकूंना.

आपला नम्र,
अर्जदार, भातसानगर.

ता. क. : चाचणी केली. मोबाईल डिकीत आहे आणि डिकी बटणावर उघडत नाही; सोंडेतल्या वायरींचा निकाल लागलेला दिसतो. मोबाईल आत वाजतोय, बहुधा मामाच असावेत. मागची सीट पाडून आत शिरावं लागेल. तेवढा वेळ कृपया चालू राहावं.