अधोरेखित इंदापूर

देवनागरीला डोक्यावर रेघ जन्मजातच मिळालेली आहे. तरी पायाखाली आणखी एक हवी, हा हट्ट परिपत्रकं वाचून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीचा. बारामती-इंदापूर पट्ट्यात निमंत्रणावर गावाचं नाव अधोरेखित नसेल, तर ते गाव रुसलंच म्हणून समजा.

गावातले डीटीपीवाले पेजमेकर आणि श्रीलिपीवर सुखात आहेत. मी मात्र लाटेकच्या नादी लागलेला. स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं कुरूप दिसली म्हणून स्टॅनफर्डच्या डोनाल्ड कनूथनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्टनी लाटेकचा मजला चढवला. कनूथ इतका नेटका माणूस; पण त्याने ‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ शेजारीशेजारी अधोरेखित करून पाहिले नव्हते.

एका मेळाव्याच्या प्रुफात ही दोन नावं एका ओळीत आली. बारामतीची रेघ वर, अक्षरांना बिलगून. इंदापूरची खाली घसरलेली. लाटेकची साधी अंडरलाइन शब्दाचं सर्वांत खोल टोक बघते आणि त्याखाली रेघ ओढते. बारामतीत नुसते काने आणि एक वेलांटी, खाली काही लोंबत नाही. इंदापूरच्या ‘पू’ला दीर्घ ऊकार.

इंदापूरकर पाहुणे प्रूफ बघून म्हणाले, “पाण्यातबी आम्हीच टेलला, अन् रेघेतबी?” नीरा डावा कालवा आधी बारामतीतून जातो, मग इंदापुरात, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. हे अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाचं काम आहे, असं समजावलं. “त्यांचं बारामतीत कोण असतं?”

उपाय आहे. डोनाल्ड आर्सेनो यांचं ‘यूलेम’ पॅकेज सगळ्या शब्दांखाली एकाच खोलीवर रेघ मारतं, आणि ओळ मोडली तरी रेघ पुढच्या ओळीत नेतं. पण ती खोली ते मुळात कंसाच्या मापाने ठरवतं. मराठी उकाराला ती पुरेलच असं नाही. मग रेघ ‘लासुर्णे’च्या उकारातून आरपार जाते आणि गाव खोडल्यासारखं दिसतं. म्हणून खोली हाताने ठरवायची, सर्वांत खालच्या उकाराच्याही खाली. तशी ठरवली आणि इंदापूर खूश झालं. लगेच बारामतीकरांनी विचारलं, “आमची रेघ एवढी लांब का टाकली?”

तेव्हा छपाईवाल्यांनो, रेघ मारायचीच तर खोली आधी ठरवा. आणि यादीत निमगाव केतकीशेजारी लासुर्णे येणार असेल, तर सरळ ठळक टाइप वापरा.