मुद्दा खोडा, पण जपून

पक्षाने आपल्याला प्रवक्ता नेमलं, त्याबद्दल अभिनंदन. या पदाला पगार नाही, गाडी नाही, आणि रोज संध्याकाळी वाहिनीवर बसून समोरच्याचे मुद्दे खोडून काढायचे आहेत. हे काम सोपं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर तो माणूस २०१९ च्या आधी निवृत्त झालेला असणार. तेव्हा आपण कोणत्या बाजूला आहोत हे सकाळी पेपर न वाचताही माहीत असायचं.

आता अडचण अशी की महाराष्ट्रात समोरचा जो मुद्दा मांडतो, तो बहुतेक वेळा आपलाच असतो. फक्त दोन वर्षांपूर्वीचा. आणि आज आपण जो मांडतोय, तो दोन वर्षांनी त्याचा होणार असतो. म्हणून मुद्दा शेजारून आणलेल्या कुकरसारखा वापरावा. काम झालं की घासूनपुसून, शिट्टीसकट परत करता आला पाहिजे. नवे प्रवक्ते जोशात येऊन मुद्द्याचे तुकडे करतात आणि पुढच्या शपथविधीनंतर स्वतःच ते गोळा करत बसतात.

या कलेचा जुना नमुना अभ्यासायचा तर एन्रॉन घ्या. १९९३ साली काँग्रेस सरकारच्या काळात एन्रॉन कंपनीशी दाभोळच्या विजेचा करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, सत्ता आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि काही महिन्यांत प्रकल्प दुसऱ्या टप्प्यासह मान्य झाला. पुढे २००१ मध्ये ही वीज परवडत नाही म्हणून वीज मंडळाने ती घेणं थांबवलं, तेव्हा राज्यात सरकार होतं काँग्रेस आघाडीचं. म्हणजे आठ वर्षांत ‘वीज महाग आहे’ हा मुद्दा पूर्ण प्रदक्षिणा घालून करार करणाऱ्यांच्याच घरी पोचला. त्या काळात ज्यांनी दोन्ही बाजूंची कात्रणं जपली, ते खरे दूरदृष्टीचे. तुम्हीही जपा.

तयारीची सुरुवात स्वतःच्या नेत्याच्या जुन्या क्लिपपासून करा. समोरच्याच्या नेत्याची क्लिप नंतर पाहिली तरी चालेल. ती त्याने पाहिलेली असतेच. आपल्या नेत्याने ‘कदापि’, ‘त्रिवार’ किंवा ‘मरेपर्यंत’ यांपैकी काय काय म्हटलं आहे याची यादी खिशात असावी. क्लिप लागलीच, तर ‘अर्धवट दाखवली’ म्हणावं. पूर्ण दाखवली, तर ‘संदर्भ वेगळा होता’ म्हणावं. संदर्भही दाखवला, तर आवाज ऐकू येत नाही म्हणावं. हा शेवटचा उपाय घरून लॅपटॉपवर बोलणाऱ्यांनाच मिळतो, म्हणून जाणते प्रवक्ते अवघड दिवशी स्टुडिओत जात नाहीत.

तारखांकडे विशेष लक्ष असू द्या. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादीवर सिंचनासह सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. २ जुलै रोजी त्याच राष्ट्रवादीचे अजित पवार राज्यात भाजपसोबतच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. मध्ये पाच दिवस. एवढ्या अवधीत मान वळवायची म्हणजे नियमित व्यायाम हवा. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या प्रवक्त्यांनी आपापल्या सिंचनाच्या फायली बदलून घेतल्या असत्या, तरी कागद नवा लागला नसता.

सिंचनाचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना. २०११–१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातल्या आकड्यांवरून, दहा वर्षांत प्रचंड खर्च होऊन ओलिताचं क्षेत्र ०.१ टक्काच वाढलं, असा अर्थ निघाला आणि गदारोळ झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाही उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांचा राजीनामा, नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका, डिसेंबरमध्ये उपमुख्यमंत्री परत. तेव्हापासून चर्चा कोटींवर होते. हेक्टरवर कोणी येत नाही, आणि तुम्हीही येऊ नका. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं का, या प्रश्नाला कुठल्याच पक्षाकडे तयार उत्तर नाही. तो चुकून निघाला तर दोन्ही प्रवक्त्यांनी मिळून नेहरूंकडे किंवा औरंगजेबाकडे वळावं. अशा वेळी समोरचा तुम्हाला नक्की साथ देईल. माझ्या मते एकमताने काम होण्याची महाराष्ट्रातली ही शेवटची जागा उरली आहे.

‘तुम्ही सत्तेत असताना काय केलं?’ हे एकेकाळी ब्रह्मास्त्र होतं. आता ते सुटतं आणि फिरून आपल्याच कपाळाला लागतं, कारण उत्तर येतं, ‘तेव्हा तुम्हीही आमच्याच मंत्रिमंडळात होतात.’ २०१४ पासून भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस असे सगळे कधी ना कधी बसून उठले आहेत. राज्याच्या सत्तेपुरता हा प्रश्न आज मनसेचा किंवा वंचितचा प्रवक्ताच बिनधोक विचारू शकतो, आणि त्यांना सहसा बोलावत नाहीत.

शेतकऱ्यांच्या विषयावर मात्र गोंधळ नको, तिथे वाटणी ठरलेली आहे. विरोधात असताना ‘सातबारा कोरा करा’ म्हणायचं, सत्तेत आल्यावर ‘निकष’ म्हणायचं. २०१७ ची कर्जमाफी ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’ या तिन्ही शब्दांतून गेली, आणि ज्याला पाठ होतं तो तरला. जमलं तर शेतकऱ्याला मध्येच ‘बळीराजा’ म्हणावं. त्यामुळे पीकविम्याचे पैसे कधी येणार हे विचारणं असभ्य वाटू लागतं.

न्यायालयाचा निकाल आला तर तो पूर्ण वाचू नका. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय योग्य नव्हता, पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाताच पायउतार झाल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. त्या संध्याकाळी शिवसेनेच्या दोन्ही गटांनी आपलाच विजय झाल्याचं सांगितलं, आणि दोघांकडेही दाखवायला परिच्छेद होता. आपल्या परिच्छेदाला पिवळा हायलाइटर लावावा. पुढचं पान समोरच्याचं, त्याच्या हक्कात ढवळाढवळ करू नये.

आकड्याला आकड्याने उत्तर देण्याचा मोह आवरा. समोरच्याने आकडा काढला तर ‘लोकांना आकडे नको, न्याय हवा’ म्हणा. थोडा वेळ जाऊ द्या. मग स्वतःचा आकडा काढा, तो हजार कोटींच्या खाली नसावा.

या सगळ्यात खरा शत्रू समोरचा प्रवक्ता नव्हेच. तो आपल्याच धंद्यातला, ब्रेकमध्ये चहा विचारणारा माणूस. शत्रू असतो चौथ्या चौकटीत बसवलेला, विषय माहीत असलेला गृहस्थ. निवृत्त सचिव, जलतज्ज्ञ, एखादा प्राध्यापक. तो मुद्द्याचं उत्तर देऊ शकतो, आणि तसं झालं तर उद्याचा कार्यक्रम कशावर करायचा? याच्याशी भांडू नये. ‘सर आम्हाला वडिलांसारखे आहेत, मी त्यांचं पुस्तक वाचून मोठा झालो,’ इथून सुरुवात करून तीन मिनिटं त्यांची स्तुती करावी. त्यांच्या वाट्याची वेळ संपते आणि निवेदिका त्यांना ‘एका वाक्यात सांगा’ म्हणते. तज्ज्ञाला एका वाक्यात सांगता येत नाही.

भाषेबद्दल थोडं. आवाज कितीही चढवा, हातवारे करा, पण विरोधी नेत्याचा उल्लेख एकेरी करू नका. दादा, भाऊ, साहेब, ताई, जे लागू असेल ते लावा. त्यांच्या पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत तुमचा फोटो असू शकतो.

आणि क्वचित असंही होतं, की तुम्ही ऐन रंगात असता आणि पडद्याखालच्या पट्टीवर आपले नेते राज्यपालांकडे निघाल्याची बातमी फिरू लागते. घाबरू नका. वाक्य पूर्ण करू नका. ‘हा विषय गंभीर आहे, आधी ब्रेक घेऊ’ असं सुचवा. निवेदिकेलाही जाहिराती दाखवायच्याच असतात. ब्रेकमध्ये समोरच्याकडून त्याची टिपणं मागून घ्या आणि आपली त्याला द्या. त्याच्या अक्षराचं काही कळलं नाही, तर तिथेच विचारा, तो सांगेल.