करू की!

या गृहस्थाला लोक आळशी म्हणतात, आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकतो. आळशी माणूस लोळतो. हा कधी लोळत नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची मुदत उद्या संपतेय असं कळलं, की हा भल्या पहाटे उठून पंख्याची पाती पुसतो, माळ्यावरची पिंपं खाली काढतो, दिवाळीपासून रुसलेला मिक्सर उघडून बसतो आणि वर शेजारच्या काकांचं विजेचं बिल ऑनलाइन भरून देतो. संध्याकाळपर्यंत घर लख्ख होतं. त्या लख्ख टेबलावर फॉर्म १६ तेवढा पेपरवेटखाली जसाच्या तसा. ‘अहो, त्या रिटर्नचं काय?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला, की ठरलेलं उत्तर: ‘करू की! मुदत आहे अजून.’

माझं म्हणणं एवढंच, की या माणसाला कामाचा कंटाळा नसतो, तारीख लागलेल्या कामाचा असतो. रद्दीत निघालेला जुना दिवाळी अंक तो बाराही राशींच्या भविष्यासकट वाचून काढेल. त्यासाठी कुणी तारीख दिलेली नसते. तोच अंक ‘सोमवारपर्यंत वाचून परत द्या’ म्हणून हातात ठेवा, पहिल्या पानावर जांभया सुरू. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी १९९६ साली याच गुणावर निबंध लिहिला. महत्त्वाचं काम टाळण्यासाठी माणूस बाकीची कितीतरी कामं उरकतो, तेव्हा त्या सवयीचाच उपयोग करून घ्यावा, असं त्यांचं सांगणं. त्याबद्दल त्यांना इग नोबेल मिळालं ते २०११ साली. पंधरा वर्षांनी! हा विषय समितीला नीट समजला होता, याचा याहून सज्जड पुरावा नको.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण नुकसान होतं त्याचं काय? होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पॅन आणि आधार जोडायचं काम ३१ मार्च २०२२ पर्यंत फुकट होतं. पुढचे तीन महिने पाचशे रुपये आणि त्यानंतर हजार. आपल्या गृहस्थाने हजार भरले. पण त्याची बाजूही ऐकावी. त्याच जोडणीची मुदत २०१७ पासून किती वेळा सरकली, हे त्याला पाठ आहे. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट लावायची मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती सरकत सरकत डिसेंबरअखेर गेली. त्याच वर्षी विवरणपत्राची तारीख जुलैवरून १५ सप्टेंबरवर आली आणि त्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला. हा तेव्हा जागाच होता. सगळं वेळेत उरकून झोपलेल्यांना त्या एका दिवसाचा काय उपयोग? मुदतवाढीवरची त्याची श्रद्धा आंधळी आहे असं म्हणवत नाही. निदान तिला शासकीय परिपत्रकांचा आधार आहे.

‘आयत्या वेळी माझं डोकं उत्तम चालतं’ हा त्याचा दावा मात्र मला पटत नाही. आयत्या वेळी चालतं ते घरातल्या इतरांचं डोकं. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र बायको शोधते, ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मुलगा चार्जिंगला लावतो, आणि पासवर्ड आठवण्याची जबाबदारी सगळ्यांची असते. हा मधोमध बसून ‘साइट फारच स्लो झालीय’ म्हणून सरकारला नावं ठेवतो. टाळलेलं काम कुठे जात नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातं, या आक्षेपावर त्याच्याकडे बिनतोड उत्तर आहे म्हणे. ते तो देणार आहे. जरा सवड झाली की.