मागल्या चाकांचा बंदोबस्त
कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने 1962 साली जी स्पिटफायर नामक देखणी मोटार बाजारात आणली, तिच्या मागल्या चाकांना, ऐन वळणावर चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढताच, पोटाखाली दुमडण्याची खोड होती. आणि ही खोड मोडण्यासाठी, त्या चाकांच्या आडव्या कमानपाट्याला मध्यावर किंचित डुलण्याची मुभा देण्याचा साधा हुकूम सुटायला 1970 साल उजाडले. तोवर गिऱ्हाइकाने जीव मुठीत धरावा, अशी बहुधा अपेक्षा असावी. आज तिचे निष्ठावंत मालक मागले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलतात, रबरी बुशांच्या जागी पॉलियुरेथेनचे बसवितात, चाकांचा कल अंशाअंशाने मोजतात, आणि एवढा जामानिमा झाल्यावर, आकाश निरभ्र असल्याची खातरजमा करून, गाडी रविवारच्या प्रदर्शनात दाखल करतात. तीही, टायरांना चिखल लागू नये म्हणून, ट्रेलरवरून.