पाळण्यातली रत्नपारख

सोन्याचा भाव ऐकून सराफाच्या पायरीवरून माघारी फिरलेल्या जोडप्यांनी आता बाळाच्या नावातच दागिना घडवायचं ठरवलेलं दिसतं. घडणावळ नाही, जीएसटी नाही, चोराचिलटांची भीती नाही.

अट एकच, रत्न जुन्या पेढीचं नको. हिराबाई, माणिकराव, मोतीराम ही मंडळी भिंतीवरच्या फोटोत हार घालूनच शोभतात. हिराबाई बडोदेकर आणि माणिक वर्मा गाण्यात कितीही मोठ्या असल्या, तरी त्यांची नावं इंग्रजी शाळेच्या हजेरीत कशी चालायची? परवा एका बारशाला आत्यानं पणजीचं 'माणिक' हे नाव सुचवलं. आईनं नाक मुरडलं, बाबानं मोबाइल चाळला आणि पाळण्यात 'रुबी' निजली. पणजी घुगऱ्या चावत कौतुकानं म्हणाली, "छान आहे हो! आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

'नीलम'चं प्रकरण जरा नाजूक. ते पडलं शनीचं रत्न. म्हणून भाविक लोक अंगठीत बसवण्याआधी ते उशाखाली ठेवतात आणि स्वप्नं कशी पडतात ते बघतात. लेकीला मात्र अशी चाचणीची सोय नाही. महापालिका थेट दाखलाच छापते.

खनिजशास्त्राचा तर बारशाला बोलावण्याजोगा स्वभावच नाही. त्याच्या मते माणिक आणि नीलम ही एकाच कुरुंदाची भावंडं, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. किंचित क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळं. त्याच घराण्यातल्या हलक्या मालावर सुऱ्यांना धार लावतात. हिरा हा निव्वळ कार्बन, शिसपेन्सिलीचा सख्खा नातेवाईक. मोती तर दगडसुद्धा नाही.

जुनी माणसं थेट दगडाशीच व्यवहार करायची. मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू किंवा धोंडू म्हणायचं. दृष्ट लागायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. नावात धोंडा असलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारलं आणि १९५८ साली, शंभरीच्या वर्षी, ते भारतरत्न झाले.

पण एवढी वर्षं थांबायला हल्ली सवड कोणाला आहे? शिवाय त्या पद्धतीत सगळे कष्ट मुलालाच पडतात.